घाट, माल आणि ऑटोमॅटिक गाडी

(आपल्या सामुदायिक रेडिओवर झालेले हे बोलणे अनेक गटांनी मागितले, म्हणून इथे छापत आहोत.)



गेल्या काही दिवसांत तीन गटांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. "गटासाठी जुनी गाडी घ्यायची आहे. ऑटोमॅटिक मिळते आहे. आमच्यातल्या दोघी-तिघी ती लवकर शिकतील, क्लचची भानगड नाही. पण घरचे म्हणतात, ऑटोमॅटिक गाडी घाटात चालत नाही आणि मालाला तर मुळीच नाही. खरं काय?"

हा प्रश्न आम्हालाही पडला होता. गाडी घेतल्यावर पडला, तीच आमची चूक. म्हणून आधी आमची गोष्ट सांगतो आणि मग ती गाडी आतून कशी विचार करते ते सांगतो.

आमच्या गटाने सात माणसांची एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. मागची सीट काढून माल भरायचा, पुढे आम्ही बसायचे. पहिली मोठी फेरी कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला. गूळ, शेंगदाणे, मसाला, पापड असा माल खच्चून भरला होता. चढ फारसा नव्हता, सगळे हसतखेळत. घाट उतरायला लागलो आणि गाडी पळू लागली. गिअरचा दांडा 'डी'वर, पाय ब्रेकवर. वळण आले की ब्रेक, वळण संपले की ब्रेक. अर्ध्या घाटात जळल्यासारखा वास आला. आधी वाटले, बाहेर कोणी काही पेटवले असेल. मग चालवणारी म्हणाली, "अगं, ब्रेक खाली चाललाय. दाबला तरी लागत नाही."

नशिबाने पुढे जरा सपाट जागा होती. हँडब्रेक हळूहळू ओढून गाडी कडेला घेतली, चाकाखाली दगड लावला आणि सगळ्या खाली उतरलो. कोणी काही बोलेना. मागून आलेल्या ट्रकचे म्हातारे ड्रायव्हर थांबले. वास घेतला, दांड्याकडे पाहिले आणि म्हणाले, "पोरींनो, ज्या गिअरने घाट चढायचा, त्याच गिअरने उतरायचा. गाडी ऑटोमॅटिक असली म्हणून घाट काही ऑटोमॅटिक होत नाही."

आम्ही म्हणालो, "काका, गिअर तर ती आपली आपण टाकते ना?"

ते म्हणाले, "टाकते. पण तिला पुढचा रस्ता दिसत नाही. तुम्हाला दिसतो."

आज जे सांगणार आहोत, ते सगळे या एका वाक्यात आहे. आता ते उलगडून पाहू.

गिअर म्हणजे जात्याचा खुंटा

जात्यावर दळलेल्या बायकांना गिअर समजवावा लागत नाही. खुंटा पाळीच्या अगदी कडेला असेल तर जाते हलके फिरते, पण हाताला मोठा फेरा मारावा लागतो. खुंटा मध्याजवळ असेल तर हात थोडाच फिरतो, पण जोर फार लागतो. दगड तोच, दळणही तेच.

गाडीत हात म्हणजे इंजिन आणि पाळ म्हणजे चाक. पहिला गिअर म्हणजे कडेचा खुंटा. लहान गाडीत पहिल्या गिअरला चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिन ढोबळमानाने १४-१५ फेरे मारते. जोर भरपूर मिळतो, वेग मिळत नाही. पाचव्या गिअरला एका फेऱ्यासाठी इंजिन तीन-चार फेरेच मारते. वेग मिळतो, इंधन वाचते, पण जोर कमी.

आता चढ घ्या. बारा फूट पुढे गेल्यावर एक फूट वर जाणारा रस्ता असेल, तर गाडीच्या वजनाचा साधारण बारावा हिस्सा तिला सतत मागे ओढत असतो. मालासकट दीड टन गाडी म्हटली तर हा ओढा सुमारे १२५ किलोचा होतो. पन्नास किलोची अडीच पोती कोणीतरी मागे बांधून ठेवावी, तसे. सपाटीवर ही पोती नसतात. म्हणून सपाटीला चालणारा गिअर चढाला पुरत नाही.

रेल्वेलाही हे चुकलेले नाही. कर्जत-लोणावळा आणि कसारा-इगतपुरी या दोन्ही घाटांत लोहमार्गाचा चढ ३७ फुटांना १ फूट इतका आहे. आपल्या रस्त्यांपुढे तो काहीच नाही, तरी तिथे अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. आपल्या गाडीला इंजिन एकच, म्हणून खुंटा कडेला सरकवायचा. म्हणजेच खालचा गिअर.

ऑटोमॅटिक गाडीत कोण गिअर टाकते?

ऑटोमॅटिक गाडी ही काही नवी गोष्ट नाही. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने १९४० च्या ओल्डस्मोबील गाड्यांत 'हायड्रामॅटिक' नावाचा गिअरबॉक्स दिला, तो मोठ्या संख्येने विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्या काळी कॉम्प्युटर नव्हता. गाडीचा वेग आणि रेसवरचा पाय यांप्रमाणे तेलाचा दाब कमी-जास्त व्हायचा आणि त्या दाबाने गिअर बदलायचे.

आपल्याकडे स्वस्त गाड्यांत ऑटोमॅटिक पोचली ती २०१४ साली मारुतीच्या सेलेरियो गाडीपासून. तिच्यात जी पद्धत आहे तिला एएमटी म्हणतात. ही समजायला सोपी आहे. आतला गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीच्या गाडीसारखेच. फक्त क्लच दाबायचे आणि गिअर टाकायचे काम आपल्या हातापायांऐवजी यंत्र करते आणि त्या यंत्राला एक छोटा कॉम्प्युटर हुकूम देतो. आमची गाडी याच जातीची.

दुसरी जात टॉर्क कन्व्हर्टरची. दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो ना? तसेच. इथे वाऱ्याच्या जागी तेल असते. एक पंखा इंजिन फिरवते, दुसरा गिअरबॉक्सला फिरवतो. यात गाडी मऊ चालते, पण तेल घुसळले जाते आणि तापते. तिसरी जात पट्ट्याची, सीव्हीटी. तिच्यात पायऱ्या नसतातच, पट्टा लहान-मोठ्या होणाऱ्या पुलीवर सरकत राहतो.

जात कोणतीही असो, कॉम्प्युटर मुख्यतः दोन गोष्टी पाहतो. रेसवर पाय किती दाबला आहे आणि गाडीचा वेग किती आहे. त्यावरून त्याच्याकडे एक कोष्टक तयार असते. पाय हलका असेल तर तो लवकर वरचा गिअर टाकतो, कारण त्यात इंधन वाचते. पाय जोरात दाबला तर तो खालचा गिअर धरून ठेवतो.

सपाट रस्त्याला हे कोष्टक छान चालते. घोटाळा घाटात होतो.

चढावर: वर-खाली, वर-खाली

समजा गाडी तिसऱ्या गिअरला चढते आहे. थोडा वेग आला, वळणावर तुम्ही पाय जरा उचलला. कोष्टक म्हणते, पाय हलका आहे, चौथा टाक. चौथा पडला की गाडी दम टाकते. तुम्ही पाय दाबता. कोष्टक म्हणते, पाय जोरात आहे, तिसरा टाक. पुन्हा वेग, पुन्हा चौथा. असे घाटभर चालले तर गाडी हिसके देते, क्लच झिजतो, तेल तापते आणि मागे बसलेलीला मळमळते ते वेगळेच.

हे टाळण्यासाठी कंपन्यांनी कॉम्प्युटरला चढ ओळखायला शिकवले. कसे? इंजिन आत्ता किती जोर लावते आहे हे त्याला माहीत असते. एवढ्या जोरात सपाटीवर गाडीचा वेग किती वाढायला हवा, याचा हिशेबही त्याच्याकडे असतो. प्रत्यक्षात वेग त्यापेक्षा कमी वाढला, तर तो समजतो की चढ आहे किंवा ओझे आहे. उलट, रेसवर पाय नसताना वेग वाढतच असेल, तर तो समजतो की उतार आहे. काही गाड्यांत उतार-चढ मोजणारा वेगळा सेन्सरही असतो.

मैत्रिणींनो, अंधारात पाण्याचा हंडा घेऊन चालणाऱ्या बाईला रस्ता दिसत नाही. तरी दम लागला की तिला कळते, चढ लागला. हंडा जड आहे की वाट चढाची आहे, हे नेमके सांगता आले नाही तरी ती पाऊल लहान टाकते. बऱ्याच गिअरबॉक्सचेही असेच. माल आणि चढ यांतला फरक त्याला कळला नाही तरी चालते, कारण दोन्हींवर उत्तर एकच: खालचा गिअर धरून ठेवायचा, वरचा टाकायची घाई करायची नाही. होंडा कंपनीने या युक्तीला 'ग्रेड लॉजिक' असे नाव दिले. इतर कंपन्यांची नावे वेगळी, काम तेच.

ओढून नेण्यासाठी वेगळे बटण

आपल्याकडे ट्रॉली ओढतो तो ट्रॅक्टर. अमेरिकेत मात्र घोडे, होड्या, गवताच्या गाठी असे सगळे पिकअप गाडीमागे ट्रेलर जोडून ओढतात आणि त्या गाड्या बहुतेक ऑटोमॅटिक असतात. त्यांत 'टो-हॉल' नावाचे एक बटण असते. टो म्हणजे ओढणे, हॉल म्हणजे ओझे वाहणे. ते दाबले की गिअरबॉक्स चार गोष्टी बदलतो.

पहिली, वरचा गिअर उशिरा टाकतो. दुसरी, आतल्या क्लचवर तेलाचा दाब वाढवतो, म्हणजे ओझ्याखाली ते घसरत नाहीत. तिसरी, ते तेलाचे दोन पंखे शक्य तेव्हा एकमेकांना घट्ट जोडून टाकतो, म्हणजे घुसळण थांबते आणि तेल कमी तापते. गिअरबॉक्सचा सगळ्यात मोठा शत्रू उष्णताच. आणि चौथी गोष्ट आपल्या कामाची: उतारावर ब्रेकला पाय लागला की स्वतःहून खालचा गिअर टाकतो.

तिथे अशा गाड्यांची परीक्षाही घाटातच होते. ॲरिझोना राज्यात डेव्हिस डॅम नावाचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ आहे. भर उन्हाळ्यात, एसी पूर्ण चालू ठेवून, ट्रेलर ओढत तो चढायचा आणि पिकअपचा वेग ताशी ४० मैलांच्या, म्हणजे ६४ किलोमीटरच्या खाली जाऊ द्यायचा नाही. जेवढ्या वजनाला हे जमते, तेवढेच वजन ओढण्याचा दावा करता येतो. म्हणजे 'ऑटोमॅटिक गाडी ओझ्याला चालत नाही' हे काही खरे नाही. गाडी ज्या ओझ्यासाठी बनवली आहे, त्या ओझ्याला ती चालते.

उतारावर: खरी परीक्षा

आता आमच्या फसगतीकडे येऊ. चढाला गाडी दम टाकते तेव्हा सगळ्यांना कळते. उतार मात्र गोड बोलून फसवतो.

उतारावर आमचा पाय रेसवर नव्हता. कोष्टकाला वाटले, बाई आरामात चालल्या आहेत, वेगही वाढतो आहे, तर टाका वरचा गिअर. गाडी चौथ्या-पाचव्यात गेली. वरच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला फारसे अडवत नाही. मग सगळा भार ब्रेकवर आला.

हा भार किती, ते आम्ही नंतर हिशेब करून पाहिले. दीड टन गाडी ५०० मीटर खाली उतरवताना जी उष्णता तयार होते, तेवढ्यात सुमारे २३ लिटर गार पाणी उकळीला येईल. म्हणजे एक हंडा आणि वर एक कळशी. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना यापेक्षाही जास्त खाली जावे लागते. यातली थोडी उष्णता वारा आणि रस्ता घेतात. बाकीची आम्ही चार ब्रेकांवर टाकली होती. ब्रेक तापले की त्यांची पकड सुटते. त्यात ब्रेक ऑइल जुने असेल तर त्याने हवेतले पाणी शोषलेले असते, ते लवकर उकळते, नळीत बुडबुडे होतात आणि पाय दाबला की ब्रेक नुसता खाली जातो. आमचे तेच झाले. गाडी घेताना रंग पाहिला, टायर पाहिले, ब्रेक ऑइल कोणी विचारले नाही.

खालच्या गिअरला इंजिन हेच काम फुकट करते. रेस सोडली की चाके उलटे इंजिनाला फिरवतात आणि इंजिन ओढत मागे राहते. म्हशीला उतारावरून नेताना कासरा मागे धरतो तसे. आवाज मोठा येतो, त्याला घाबरू नका. शिवाय आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये रेस सोडली की इंधन जवळजवळ बंद होते. म्हणून 'न्यूट्रल करून सोड, डिझेल वाचेल' असे कोणी सांगितले तर ऐकू नका. न्यूट्रलला इंजिन स्वतः चालू राहण्यासाठी इंधन खात राहते आणि गाडीला धरणारे मात्र कोणी उरत नाही.

मग आम्ही काय शिकलो?

चिपळूणच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीदादांनी आम्हाला गाडीबरोबर बसवून दाखवले. तेच तुम्हाला सांगतो. लिहून घ्या.

एक. उतार सुरू होण्याआधीच दांडा 'डी'वरून 'एम'वर घ्या आणि दुसरा किंवा तिसरा गिअर धरा. वेग वाढल्यावर खालचा गिअर मागितला तर इंजिन वाचवण्यासाठी कॉम्प्युटर तो देत नाही. काही गाड्यांत 'एम'ऐवजी 'एल', '२', 'एस' किंवा 'ओडी ऑफ' असे बटण असते. काम तेच. आपल्या गाडीत काय आहे ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा.

दोन. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. सोडलेल्या वेळात ब्रेक गार होतात.

तीन. चढावर गाड्यांची रांग लागली तर एएमटी गाडी रेसवर धरून ठेवू नका. अर्धवट घसरणारा क्लच पाच मिनिटांत जळू लागतो. ब्रेक लावून थांबा. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग निघा. निघताना हँडब्रेक ओढलेला ठेवा, गाडी पुढे ओढ घेऊ लागली की सोडा. म्हणजे मागे घसरत नाही.

चार. चढावर गिअर सारखा वर-खाली होत असेल तर 'एम'वर घेऊन एकच गिअर धरा.

पाच. ब्रेकचा वास आला तर लगेच सुरक्षित जागी थांबा, चाकाखाली दगड लावा, अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका, धातूला तडा जातो.

सहा. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलून घ्या. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत गिअरबॉक्सचे तेलही तपासून घ्या. जुनी गाडी घेताना या दोन गोष्टी आधी विचारा.

सात. पुस्तिकेत लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरू नका. माणसे आणि माल मिळून ते वजन असते. आम्ही माल मोजला होता, स्वतःला मोजायचे विसरलो.

तर मग घ्यावी का?

परदेशातले काही मोठे ट्रक आणि काही महागड्या गाड्या नकाशा वाचून पुढचा चढ-उतार आधीच ओळखतात. आपल्या परवडणाऱ्या गाड्यांना अजून पुढचा रस्ता दिसत नाही. लागलेला चढ त्यांना कळतो, लागणारा घाट कळत नाही. चढावर त्या बऱ्यापैकी सांभाळून घेतात. उतारावर त्यांना सांगावे लागते.

त्या दिवशी गावात परतल्यावर बोलणाऱ्यांनी बोलून घेतले. "बायकांनी गाडी घेतली, तीही ऑटोमॅटिक, म्हणून असं झालं." आमच्यातल्या दोघी तर म्हणाल्या, विकून टाकू. कर्जाचे हप्ते चालू होते, गटाचा पैसा अडकला होता. बैठकीत बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरले की ज्या दोघी चालवतात त्यांनी मिस्त्रीदादांसोबत तोच घाट एकदा रिकामा आणि एकदा मालासकट उतरायचा, मग निर्णय घ्यायचा. उतरलो. दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश. खाली पोचल्यावर दादांनी चाकाजवळ हात नेऊन पाहिला आणि म्हणाले, "ताई, चहा ठेवता येणार नाही यावर."

गाडी विकली नाही. आता महिन्यातून दोन वेळा तो घाट उतरतो. येताना कोकम आणि आमसूल घेऊन चढतो.

तर मैत्रिणींनो, ऑटोमॅटिक घ्या किंवा साधी घ्या, तो हिशेब तुमच्या गटाचा. पण 'बायकांना जमत नाही' किंवा 'ऑटोमॅटिकला घाट जमत नाही' या कारणाने सोडू नका. आणि घेतलीत तर पहिल्या घाटाआधी रिकाम्या गाडीने 'एम'वरचा सराव करा. तुमच्या गाडीचा काही अनुभव असेल तर पुढच्या बैठकीत आम्हाला जरूर सांगा, तो आपण सगळ्यांना ऐकवू.

नमस्कार. सावकाश उतरा.